घडी

शुक्रवारी रात्री पोरं खेळतात,
शनिवारी सकाळी मी वाचते.
बेचाळीस जर्सी, बेचाळीस पँटी,
चौऱ्याऐंशी मोजे, त्यातला एक कायमचा बेपत्ता.
शाळेच्या तळघरात दोन मशीनं,
एक थरथरतं, एक रडतं,
आणि झरोक्यातून येणारा साखर कारखान्याचा वास,
उकडलेल्या मातीवर काकवी ओतल्यासारखा.
नेब्रास्काच्या या टोकाला नोव्हेंबर असाच येतो,
बीट आणि बाद फेरी घेऊन.

मला खेळातलं फारसं कळत नाही.
गुडघ्यावर हिरवा डाग म्हणजे पोरगा वेळेत वाकला.
पाठीवर हिरवा म्हणजे कुणीतरी त्याला उताणा पाडला.
एवढंच.
एकतीस वर्षांपूर्वी मर्विन श्लेगल कोच म्हणून आला
तेव्हा सगळ्या पाठी हिरव्या होत्या.
नऊ सामने, नऊ हार.
अर्धी धुलाई मैदानावर,
उरलेली माझ्याकडे.

त्यानं काय केलं, विचारतात लोक,
दूरदूरच्या शाळांतून वह्या घेऊन येतात.
सांगण्यासारखं काय आहे?
बारावीची पोरं जे डाव खेळायची
तेच सहावीच्यांना शिकवले.
पहाटे साडेपाचला व्यायामशाळेचं कुलूप काढलं,
बर्फ असो, बीटची काढणी असो.
बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी तेवढी
किल्ली माझ्या हातात देऊन गेला.
आणि दरवर्षी पहिल्याच दिवशी दम भरला,
जर्सी उलटी टाकायची नाही,
ओटिली बाईंना दोनच हात आहेत.

सहा वर्षं काहीच झालं नाही.
गावानं कुजबुजून पाहिलं, मग ओरडून पाहिलं.
सातव्या वर्षी बाद फेरी.
तेव्हापासून नोव्हेंबरचा साबण
मी ऑगस्टमध्येच मागवते.

अठ्ठावन्न नंबर, एलिसेओ बारागान.
बाप कारखान्यात रात्रपाळीला.
चार वर्षं त्याचे कपडे कोरे यायचे,
बाकावरची धूळ तेवढी.
तरी मी ते धुवायची,
बाकीच्यांच्या बरोबरीनं फिके पडावेत म्हणून.

यंदा उपांत्यपूर्व सामन्यात
वायबलच्या पोराचा घोटा मुरगळला.
थंडी अशी की शिट्टी ओठाला चिकटत होती.
कोचनं एलिसेओकडे पाहिलं, डावाचा आकडा सांगितला,
खांद्यावर हातबित काही ठेवला नाही.
त्याचं काम इतकंच,
समोरच्याला डावीकडे रेटायचं, फट पाडायची,
आणि त्या फटीतून दुसऱ्यानं धावायचं.
तोच डाव सहा वेळा.
सहावीत शिकलेला.
आम्ही एका गुणानं जिंकलो.
पेपरात धावणाऱ्याचा फोटो आला.
कडेला एक कोपर दिसतं, ते याचं.

शनिवारी त्याची पँट हातात आली,
दोन्ही गुडघे हिरवे, मांडीपर्यंत चिखल.
जर्सीच्या आठावर रक्त, कुणाचं कोण जाणे.
आणि जर्सी सुलट केलेली.
मशीनचं झाकण उघडं, पाणी वाहतंय,
आणि मी उभी.
वाटलं, एक आठवडा राहू द्यावी अशीच.
पण शुक्रवारी पुन्हा सामना होता.

तो हरलो आम्ही, चोवीस गुणांनी.
एकशे चाळीस मैल बसमध्ये कुणी बोललं नाही म्हणे.
मला पाठी बघूनच कळलं.

सोमवारी साडेपाचला
वरच्या मजल्यावर दिवा लागला,
लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.
मी ढिगातली अठ्ठावन्न काढून घडी घालत होते.
पुढच्या वर्षी ती कुणाला तरी ढगळ होईल.
एलिसेओ दारात येऊन थांबला.
बाकीचे मोजे द्यायला आलो, म्हणाला.
मोजे नव्हतेच त्याच्याकडे.

गेला का डाग?
गेला, म्हटलं.
बरं झालं, म्हणाला, आणि हिरमुसला.

मग मी बसलेली घडी मोडली,
पँटीची शिवण उलटून दाखवली.
आत थोडा राहतोच,
कितीही सोडा घाला.
फक्त कोचला सांगू नकोस,
उगाच सोडा बदलायला लावेल.